गावोगावच्या वारसाखुणांची सूची: नोंदीचा दर्जा कसा ठरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), वीरगळ (लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), शिलालेख, कातळशिल्पं, वेशी, गढ्या यांची ही सूची लोकांनीच भरलेली आहे. शिक्षक, शेतकरी, ट्रेकर, कॉलेजची मुलं, निवृत्त मंडळी असे सगळेच तिच्यात लिहितात. नोंद परत का आली, अमुक रकाना सक्तीचा का, असे निरोप आम्हा तपासनीसांकडे सतत येत असतात. त्यांतल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळ्या नियमांमागचा आग्रह एकच: तुम्ही जे लिहिता ते तुम्हाला कशावरून कळलं, हे नोंदीत दिसलं पाहिजे.

सूचीत कोणती ठिकाणं घेतली जातात?

जी आजही डोळ्यांनी बघता येतात आणि ज्यांची दखल इतरत्र फारशी कुणी घेतलेली नाही, ती. केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे देशभरात मिळून सुमारे ३,७०० संरक्षित स्मारकं आहेत. राज्याची यादी वेगळी. या दोन्हींत न बसणाऱ्या जुन्या खुणा मात्र महाराष्ट्रात गावोगाव आहेत. मारुतीच्या देवळाला टेकवून ठेवलेला वीरगळ, शेताच्या बांधावरचा गद्धेगळ (शापवचनाचा दगड), बाभळीत हरवलेली बारव. आपलं काम तिथलं आहे.

'संपूर्ण किल्ला' किंवा 'संपूर्ण लेणीसमूह' अशी नोंद आम्ही घेत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण त्याच किल्ल्यावरचं एखादं टाकं, एखादी दिंडी (लहान दरवाजा), तटात उलटा बसवलेला कोरीव दगड कुणी नोंदवला नसेल, तर त्याची नोंद जरूर करा. सेल्फी पॉइंट, हॉटेलं, नवे पुतळे, हल्ली बांधलेल्या कमानी या सूचीत बसत नाहीत.

एखादं ठिकाण नोंदवण्याजोगं आहे की नाही, हे कोण ठरवतं?

आधी तुम्हीच. स्वतःला तीन गोष्टी विचारा. तिथे आज प्रत्यक्ष काही उरलंय का? तुमची नोंद वाचून परक्या गावचा माणूस तिथे पोचून ती वस्तू ओळखू शकेल का? आणि तिचा त्या गावाशी, त्या वाटेशी, त्या पाण्याशी काही संबंध आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर नोंद करा.

देखणेपणा हा निकष नाही. हा मुद्दा आम्ही मुद्दाम लावून धरतो, कारण देखण्या जागांना वाली मिळतो. रस्ता रुंद करताना आधी जातो तो झिजलेला, अर्धा मातीत गाडलेला दगड.

आमच्या गावातला वीरगळ अगदी साधा आहे. त्यात लिहिण्यासारखं काय असणार?

पुष्कळ. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत तो वीर कसा मेला ते कोरलेलं असतं: घोड्यावरून लढताना, वाघाशी झुंजताना, की चोरांनी पळवलेली गुरं सोडवताना. खाली गाई कोरलेल्या असतील तर 'गाई आहेत' एवढं लिहिलंत तरी अभ्यासकाला ती लढाई गोधनासाठी झाली असावी हे कळतं. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताना दिसतात, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर कलश, बहुतेक वेळा सूर्य-चंद्र. चौकटी किती, प्रत्येकीत काय दिसतं, दगडाची उंची-रुंदी किती, तोंड कुठल्या दिशेला आहे, एवढं नीट लिहिलं की नोंद भक्कम होते. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ आज अभ्यासकांना महत्त्वाचे वाटतात ते त्यांच्यावर कोरलेल्या जहाजांमुळे. तुमच्या दगडावर काय आहे, ते आधी कुणीतरी जवळ जाऊन पाहायला हवं.

कोपरात वाकवून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. गाढवाची आकृती आणि शापवचन असलेला दगड म्हणजे गद्धेगळ. हा दानाची आज्ञा मोडणाऱ्याला घातलेला शाप आहे. गद्धेगळांची शिल्पं बघून लाज वाटते म्हणून लोक त्यांचे फोटो पाठवायचं टाळतात. तसं करू नका. अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, मराठी शिलालेख गद्धेगळावरच आहे.

दगडावर शेंदराचा जाड थर आहे किंवा अक्षरं पुसट आहेत. फोटोसाठी साफ केलं तर चालेल?

चालणार नाही. शेंदूर खरवडू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, अक्षरांत खडू, चुना, पीठ किंवा तेल भरू नका. बेसॉल्टचा पापुद्रा एकदा सुटला की त्याच्याबरोबर अक्षराची कडही जाते. शिवाय तो दगड गावाचा देव असू शकतो. त्याला हात लावण्याआधी विचारणं ही साधी रीत आहे. संरक्षित स्मारकाला इजा करणं तर १९५८ च्या कायद्याने गुन्हाच ठरतं.

यावरचा उपाय सोपा आहे. उन्हं तिरपी असताना, सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, जा. सावलीतला दगड असेल तर सोबतच्या माणसाला टॉर्च एका बाजूला, दगडाला जवळजवळ चिकटवून धरायला सांगा आणि फोटो समोरून घ्या. समोरून प्रकाश टाकल्यावर कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर अशा वेळी ओळीच्या ओळी उमटतात. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला न्या आणि पुन्हा एक फोटो घ्या. काना, वेलांटी आणि नुसता ओरखडा यांतला फरक या दोन फोटोंच्या तुलनेतून कळतो.

कोकणातल्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरच्या, कातळशिल्पांनाही हाच नियम लागू आहे. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्या खडूने किंवा चुन्याने गिरवलेले फोटो आम्ही स्वीकारत नाही. गिरवणाऱ्याच्या मनातलं चित्र आणि मूळ चित्र त्यांत वेगळं काढता येत नाही. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. एवढी आकृती उभ्याने एका फोटोत येत नाही. तुकड्या-तुकड्याने घ्या आणि प्रत्येक फोटोत एक सामायिक खूण राहू द्या. ड्रोन वापरणार असाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तो भाग खुला आहे का, ते आधी पाहा.

अक्षांश-रेखांश एवढे काटेकोर का मागता? गावाचं नाव पुरेसं नाही का?

गावाचं नाव पुरत नाही, कारण वडगाव, नांदगाव, पिंपळगाव महाराष्ट्रात किती आहेत याची गणती नाही, आणि त्यांतही बुद्रुक वेगळं, खुर्द वेगळं. म्हणून गाव, तालुका, जिल्हा तिन्ही सक्तीचे आहेत. जिल्ह्याचं नाव बदललं असेल तर आजचं नाव मुख्य रकान्यात आणि जुनं शोधाच्या रकान्यात लिहा. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर शोधणाऱ्याला जुन्या पुस्तकांतला उल्लेखही सापडायला हवा.

अक्षांश-रेखांश दशांशात, दशांशचिन्हापुढे पाच अंक असे लिहा. चार अंकांनी साधारण ११ मीटरपर्यंतची जागा कळते, पाच अंकांनी सुमारे एक मीटर. उसाच्या शेतात बारव शोधणाऱ्याला ११ मीटरही जास्त होतात. फोन उघडल्या उघडल्या येणारा आकडा उचलू नका. थोडं थांबा, नकाशावरचं निळं वर्तुळ लहान होऊ द्या.

दोन चुका वारंवार दिसतात. अंश-मिनिटांतला आकडा दशांश समजून लिहिला जातो: १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, पण लिहिलं जातं १८.३०. एवढ्याने ठिकाण सुमारे २२ किलोमीटर सरकतं, म्हणजे बऱ्याचदा तालुकाच बदलतो. दुसरी चूक अक्षांश आणि रेखांश यांच्या अदलाबदलीची. मग पुण्याजवळची बारव थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. ही चूक आमच्या लगेच लक्षात येते. पहिली मात्र तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही.

शेवटच्या शंभर पावलांची वाट शब्दांत लिहा. 'एसटी थांब्यावरून शाळेकडे, शाळेमागच्या ओढ्याच्या डाव्या काठाने, दोन चिंचांच्या मध्ये', अशी वाट रेंज नसलेल्या जागी उपयोगी पडते.

काळ कसा लिहायचा? आमच्याकडे सगळे 'पांडवकालीन' म्हणतात.

लोक म्हणतात ते नाव म्हणून लिहा, काळ म्हणून लिहू नका. नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात आणि ते नाव टिकलंच पाहिजे. पण तिथल्या लेखांत सातवाहन आणि क्षहरात राजांचे उल्लेख आहेत आणि काळ त्यांवरून ठरतो. 'हेमाडपंती'चंही असंच होतं. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही देऊळ दिसलं की हा शब्द चिकटवला जातो. ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो हेमाद्री (हेमाडपंत) यादवांच्या दरबारी होता तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं देऊळ त्याच्या नावावर कसं घालायचं? 'चुन्याशिवाय रचलेलं दगडी बांधकाम' असं लिहा. ते तुम्ही स्वतः पाहिलेलं असतं.

लेखात वर्ष असेल तर आधी ते जसंच्या तसं उतरवा, रूपांतर नंतर करा. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तिथी जानेवारी ते मार्चमधली असेल तर ७९. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, दख्खनी फसली असेल तर ५९० किंवा ५९१. कुठला सन आहे हेच कळत नसेल तर रूपांतराचा रकाना रिकामा ठेवा.

हा खटाटोप कशासाठी, ते साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीकडे पाहून समजेल. विहिरीवरच्या शिलालेखात वीरूबाई भोसले यांचं नाव आणि शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे. म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४, शाहू महाराजांची कारकीर्द. पण कुणीतरी 'शके' गाळून नुसतं १६४१ ते १६४६ लिहिलं, पुढच्याने त्याला इ.स. लावलं, आणि आता ते इतक्या ठिकाणी छापलं आणि फिरवलं गेलंय की बरेच जण तेच खरं मानतात. त्या हिशोबाने विहीर शिवाजी महाराजांच्या लहानपणी बांधली गेली असं होतं. एक शब्द गळाला आणि ७८ वर्षांचा घोळ झाला. म्हणून 'सगळीकडे असंच लिहिलंय' हा आधार आम्ही मानत नाही. दगडावर काय आहे त्याचा फोटो द्या, किंवा ज्या प्रकाशित वाचनावर तुम्ही विसंबलात त्याचं नाव लिहा.

बारव नोंदवताना नेमकं काय पाहायचं?

आधी पाण्यात उतरायची वाट. एका बाजूने, दोन, तीन की चारही बाजूंनी? जुन्या शिल्पग्रंथांनी याच गोष्टीवरून नंदा, भद्रा, जया, विजया असे चार प्रकार केले आहेत. मग आकार: चौकोनी, अष्टकोनी, गोल, की परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारखा चक्राकार उतरत जाणारा? कोनाडे किती, त्यांत मूर्ती आहेत की रिकामे? मोटेची थारोळी (मोटेचं पाणी ओतायच्या जागा) वर दिसतात का? पायऱ्या दिसल्या तेवढ्याच मोजा आणि 'पाण्यापर्यंत इतक्या' असं लिहा, कारण मे महिन्यात जाणाऱ्याला आणखी दिसतील. पाणी आहे का, प्यायलं जातं का, मोटर बसवलेली आहे का, कचरा पडतो का, हेही लिहा.

एकट्याने आत उतरू नका, पावसाळ्यात तर नाहीच. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरून माणसं दगावली आहेत. वरून घेतलेले फोटो असलेली नोंद आम्ही पूर्ण धरतो.

गावातली म्हातारी माणसं सांगतात त्या गोष्टी घ्यायच्या का?

अवश्य, पण त्यांचा रकाना वेगळा आहे: 'गावात सांगतात की…'. सांगणाऱ्याचं नाव नको; गाव आणि सांगितल्याचं वर्ष पुरे. या गोष्टींची आम्हाला खरंच किंमत आहे. रत्नागिरी-राजापूरकडच्या कितीतरी कातळशिल्पांपर्यंत संशोधक पोचले ते सड्यावर गुरं चारणाऱ्या आणि तिथल्या आकृत्यांना आपापली नावं देणाऱ्या लोकांना विचारत विचारत. त्यांतली काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

फक्त एक गोष्ट घेत नाही: गुप्तधनाची. 'इथे सात रांजण पुरलेत' हे वाक्य नोंदीत आलं की अमावस्येला कुणीतरी पहार घेऊन जातो. अशा खणण्याने समाध्या आणि देवळांचे गाभारे उखडले गेले आहेत. गावात ही गोष्ट कितीही प्रसिद्ध असली तरी आम्ही ती काढून टाकतो आणि यावर चर्चा करत नाही.

नेमकी जागा कधी लपवली जाते?

उघड्यावर पडलेल्या, उचलून नेता येतील अशा मूर्तींच्या बाबतीत नेहमीच. तिथे फक्त तालुका दिसतो. अक्षांश-रेखांश तपासनीसांपुरते राहतात. गिधाडांची घरटी, वटवाघळांच्या गुहा आणि दुर्मीळ वनस्पती असलेल्या देवराया यांनाही तेच. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त प्रजातींची जागा अशीच धूसर केली जाते. ती पद्धत आम्हाला पटली. खाजगी शेतातली किंवा वाड्यातली वस्तू मालकाच्या परवानगीशिवाय नोंदवू नका.

नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, ताम्रपट, मूर्ती सापडली तर नोंद नंतर. आधी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा निखात निधीचा (जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा) कायदा आजही लागू आहे.

फोटो कुणाचे चालतात?

तुम्ही स्वतः काढलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो कितीही सुंदर असला तरी नको. तो कुणाचा, कधीचा आणि खरंच त्याच जागेचा आहे का, हे कळायला मार्ग नसतो. निदान तीन हवेत: आजूबाजूचा परिसर दिसणारा, समोरून पूर्ण वस्तूचा, आणि मापासाठी पट्टी किंवा काठी ठेवलेला. माणसांचे चेहरे, विशेषतः लहान मुलांचे, टाळा. फोटो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली तुमच्या नावानिशी प्रसिद्ध होतात.

नोंद परत आली म्हणजे नाकारली का?

नाही. परत आलेल्या प्रत्येक नोंदीसोबत नेमका प्रश्न असतो: 'दुसऱ्या फोटोतली आकृती घोडा आहे की बैल?', 'हे वर्ष कुठे वाचलंत?'. त्याचं उत्तर दिलंत की नोंद पुढे जाते. 'माहीत नाही' हेही उत्तर चालतं, ते तसंच छापलं जातं. नुसतं 'दर्जा कमी' असं लिहून नोंद परत पाठवायला तपासनीसांना मनाई आहे.

प्रत्येक नोंद दोघे जण पाहतात. एक त्या भागाचा जाणकार आणि दुसरा मुद्दाम दूरच्या जिल्ह्यातला. जाणकाराला वाट माहीत असते, त्यामुळे वर्णनात राहिलेली पोकळी तो मनातल्या मनात भरून काढतो. नवख्याला ती लगेच खटकते. दोघांचं समाधान झालं की 'तपासलेली' असा शिक्का बसतो. पुढे दुसऱ्या कुणी प्रत्यक्ष जाऊन खात्री केली की 'पडताळलेली'.

एवढे नियम असतील तर नवीन माणूस लिहायला धजेल का?

हा प्रश्न आम्हाला मनापासून महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच सक्तीचे रकाने मोजके आहेत: जागा, तीन फोटो, काय दिसतं, कधी पाहिलं. काळ, राजवट, शैली, लेखाचं वाचन हे सगळं ऐच्छिक आहे आणि नंतर दुसरं कुणीही भरू शकतं. आठवीतल्या मुलीने हे रकाने नीट भरले असतील तर तिची नोंद एखाद्या पदवीधराच्या भारदस्त पण आधाराशिवाय लिहिलेल्या तीन पानांच्या आधी प्रसिद्ध होते, आणि तसंच झालं पाहिजे.

एकाच ठिकाणाबद्दल दोघांचं म्हणणं वेगळं असेल तर?

दोन्ही वाचनं आधारासह राहतात. समाधी कुणाची, विहीर कुठल्या घराण्याने बांधली, हे वाद गावात फार तीव्र असतात. सूची त्यांत निकाल देत नाही. दिसतं काय आणि कोण काय सांगतं, एवढं मांडते. लेखाचं प्रकाशित वाचन असेल तर ते वर राहतं. जात-धर्मावरून चिथावणारा मजकूर थेट काढला जातो.

ठिकाण आधीच नोंदलेलं आहे. मग माझ्या भेटीचा उपयोग काय?

'स्थिती' हा रकाना भरा. शेवटच्या पाहणीला बराच काळ लोटला असेल तर ती नोंद शिळी धरली जाते. देवळाला ऑइल पेंट फासला, वीरगळ सिमेंटमध्ये बसवला, बारवेवर स्लॅब पडला, हे तारखेसह कळायला हवं. ठिकाण पूर्ण नाहीसं झालं असेल तरी नोंद काढत नाही. 'नष्ट' असं लिहून, कारण आणि शेवटचा फोटो जोडून ती तशीच ठेवतो.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहतो. काही करता येईल?

गोव्यात पणसायमळची कातळशिल्पं आहेत, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसल्यांचा भला मोठा मराठी लेख आहे. अशा भागांत राहत असाल तर लहान मराठी लेख, समाधीवरच्या छत्र्या, घाट शोधा. परदेशी असाल आणि मोडी वाचता येत असेल तर वाचनासाठी थांबलेल्या लेखांचे फोटो पाहा. मोडी वाचणारी माणसं आम्हाला कायम कमी पडतात. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधले गावांचे उल्लेख आजच्या नावांशी जुळवणं हेही मोठं काम आहे आणि ते घरबसल्या होतं.

सुरुवात कुठून करू?

स्वतःच्या गावच्या मारुतीच्या पारापासून. पाराभोवती टेकवून ठेवलेले दगड एकेक करून पाहा, मग वेस, जुनी विहीर, ओढ्याकाठचं महादेवाचं देऊळ. मोजपट्टी, टॉर्च, वही आणि चार्ज केलेला फोन सोबत घ्या. पुजाऱ्यांना किंवा शेतमालकांना आधी सांगा. पहिली नोंद एकाच दगडाची करा आणि पाठवा. ती तपासून येईपर्यंत दुसरी लिहायला घेऊ नका. पहिलीवर आलेले प्रश्न पाहिल्यावर दुसरीच्या वेळी काय पाहायचं ते तुम्हाला आपोआप कळेल.